‘नटरंग’ पुन्हा पाहिला, या वेळी कादंबरी वाचून. शेवट कुणाला पटला?

कंडक्टरीण (मूळ प्रश्न)

नमस्कार मंडळी. मी इथं जास्त लिहीत नाही, वाचते. एसटीत कंडक्टर आहे, कोल्हापूर जिल्ह्यातलीच. मुक्कामाच्या गाडीवर ड्युटी लागली की रात्री वाचायला वेळ मिळतो. गेल्या महिन्यात गावच्या वाचनालयातून आनंद यादवांची ‘नटरंग’ आणली, पुठ्ठा निघालेली, कुणीतरी दाभणानं शिवलेली. तीन मुक्कामांत संपवली. परवा सुट्टीला पोराच्या मोबाइलवर सिनेमा परत बघितला. पहिल्यांदा 2010 च्या जानेवारीत थिएटरात बघितला होता, तेव्हा कादंबरी वाचली नव्हती.

पंधरा वर्षांत मत बदललं का, तर अर्धं बदललं. म्हणून विचारते.

आधी जे आवडलं ते. अतुल कुलकर्णी. पहिल्या अर्ध्या तासात तो जो गडी दाखवलाय, झुपकेदार मिशी, मांड्या अशा की धोतर फाटंल, तो माणूस आमच्याकडं मी बघितलाय. मोटेवर राबणारा. माझ्या आज्याच्या विहिरीवर मोट होती, मी अगदी लहान असताना बंद पडली. चामड्याची मोट भरून वर आली की थारोळ्यात पाणी सांडायचं त्याचा एक आवाज असतो, धबाल्कन, आणि मग बैल धावेवरून मागं सरकताना चाक कुरकुरतं. इंजिन आलं आणि तो आवाज गेला. आवाजाबरोबर मोटकऱ्याची भाकरी गेली. गोष्टीतला हा गडी, गुणा, तमाशाकडं वळतो तो नुसत्या हौसेनं नाही, विहिरीवर यंत्र बसलं आणि काम सुटलं, हेही त्यात आहे. सिनेमात हे आहे पण भर्रकन जातं. पुस्तकात ते पोटात जाऊन बसतं.

आणि मग तोच गडी मिशी उतरवतो. त्याला खरं तर वगात, म्हणजे तमाशातल्या नाटकात, राजा व्हायचं असतं. पण नाच्याशिवाय, म्हणजे बायकी हावभाव करून नाचणाऱ्या गड्याशिवाय, फड उभा राहीना, नाच्या कोण मिळेना, म्हणून हा स्वतः उभा राहतो. अतुल कुलकर्णीनं आधी अंग कमावलं, मग उतरवलं, हे तेव्हा पेपरात आलं होतं. पण अंगापेक्षा मला त्याची मान आवडली. नाच्याची मान लागली की ती सुटत नाही. हे मी का म्हणते ते पुढं सांगते.

आता जे खटकलं ते. गाणी. अहो मला पण आवडतात, माझ्या फोनची रिंग वर्षभर ‘अप्सरा आली’ होती, डेपोत सगळे चिडवायचे. अजय-अतुलला तोड नाही. पण कादंबरी वाचून उठल्यावर बघितलं तर असं वाटलं की गुणाच्या गोष्टीत गाणी आलेली नाहीत, गाण्यांच्या मधे गुणाची गोष्ट बसवलीय. लावणी सुरू झाली की पडद्यावर इतका झगमगाट होतो की हा भुकेला फड आहे, उद्या रॉकेल आणायला पैसे नाहीत, हे विसरायला होतं. त्या फडाची कनात फाटकी का नाही? नऊवारीला घामाचा डाग का नाही?

दुसरं, गुणावर जो अत्याचार होतो तो प्रसंग. मी नजर खाली घातली. वाईट केलाय असं नाही, उलट फार नीट केलाय. पण सिनेमा सगळं दुःख त्या एका रात्रीत आणि त्या राजकारणी माणसांत गोळा करतो. कादंबरीत गुणाच्या डोक्यात काय चाललंय ते पानंच्या पानं येतं, त्यामुळं घाव एकच नाही, रोजचा आहे असं वाटतं. खरं पण तसंच असतं. रोज थोडं थोडं.

तिसरं म्हणजे शेवट. म्हातारा गुणा, मोठा समारंभ, जीवनगौरव पुरस्कार, टाळ्या. कादंबरीत असलं काही नाही. कादंबरी मिटली तेव्हा बाहेर ड्रायव्हर घोरत होता आणि मला रात्रभर झोप लागली नाही. सिनेमा संपला तेव्हा पोरगा म्हणाला, “भारी शेवट, आई.” आणि मला काय बोलावं कळलं नाही.

माझे सख्खे मामा अकरा वर्षं एका फडात नाच्याचं काम करायचे. म्हणून एवढं लांबलंय. तुम्हाला शेवट पटला का? आणि कादंबरी आधी वाचलेल्यांना सिनेमा कसा वाटला?

—

पेठेतला प्रेक्षक

ताई, फार मनापासून लिहिलंत. पण मी थोडं भांडणार.

सिनेमा म्हणजे कादंबरीचं जाहीर वाचन नव्हे. रवी जाधवांचा हा पहिलाच चित्रपट होता, गृहस्थ जाहिरात क्षेत्रातून आलेले. त्यांना चित्र देखणं करता येतं आणि त्यांनी ते केलं. 2010 साली मराठी सिनेमाला शहरातला तरुण प्रेक्षक येत नव्हता हो. ‘वाजले की बारा’ बघायला म्हणून पोरं आली आणि नाच्याची शोकांतिका बघून गेली. फाटकी कनात दाखवली असती तर राष्ट्रीय पुरस्कार तरीही मिळाला असता, पण बघितला असता तुम्ही, मी आणि आणखी चाळीस जणांनी.

‘खेळ मांडला’च्या वेळी आमच्या थिएटरात कुणी पॉपकॉर्नची पिशवीसुद्धा वाजवली नाही. ते गाणं गोष्टीच्या आतलंच आहे. सगळ्या गाण्यांना एका दावणीला बांधू नका.

शेवटाबद्दल माझं मत वेगळं आहे. मला तो पुरस्कार गोड वाटलाच नाही. ज्याला घरानं, गावानं थुंकून टाकलं, त्यालाच म्हातारपणी कोट घातलेले लोक उभं राहून टाळ्या देतात. तो टोमणा आहे, प्रेक्षकाला मारलेला. आपण टाळ्या वाजवतो म्हणजे आपणही त्याच सभागृहात बसलेले.

—

जुन्नरी

पेठेतल्या साहेबांचा टोमणा मला काही दिसला नाही, असो. दिग्दर्शकाच्या मनात असेल तर असेल.

मी नारायणगावच्या बाजूचा. पाडव्याच्या आसपास आमच्याकडं फडांच्या राहुट्या लागतात, गावोगावचे पुढारी जत्रेची सुपारी द्यायला येतात, हे लहानपणापासून बघतोय. तेव्हा दोन शब्द तमाशाबद्दल, कारण सिनेमा बघून शहरातल्या माणसांचा एक घोळ झालाय. लावणी म्हणजे तमाशा नव्हे. संगीत बारी वेगळी, तिथं बाई, पेटी, तबला, ढोलकी आणि बैठक. ढोलकीफडाचा तमाशा वेगळा. त्यात आधी गण, मग गवळण, कृष्ण, पेंद्या, मावशी, मग बतावणी म्हणजे विनोदी सवालजवाब, रंगबाजी म्हणजे लावण्या, आणि सगळ्यात शेवटी वग. वग हा खरा तमाशा. तो उजाडेपर्यंत चालायचा. काळू-बाळू या तमाशातल्या नावाजलेल्या जोडीचा वग बघायला आमचे वडील बैलगाडीनं जायचे आणि सकाळी तसेच खळ्यावर कामाला.

‘नटरंग’मध्ये गण आहे, गवळण आहे, लावण्या तर आहेतच. वग मात्र तोंडी लावायला. आणि गुणाचं सगळं दुखणं वगातच आहे ना? त्याला राजा करायचा होता तो वगातला. तो वगच नीट दिसला नाही तर त्याचं काय गेलं ते बघणाऱ्याला कळणार कसं?

आणखी एक गंमत सांगतो. सिनेमा आल्यावर पुढची दोन-तीन वर्षं एकही फड असा नव्हता की ज्याला ‘वाजले की बारा’ वाजवल्याशिवाय पब्लिकनं सोडलं. रंगबाजीत तेच, वन्समोअरला तेच. रात्री दहाला पोलिसांची शिट्टी झाली की वग उरला पेटीत. म्हणजे तमाशाची गोष्ट सांगणाऱ्या सिनेमानं तमाशातला वग अजून थोडा मागं ढकलला. दोष देत नाही. लोकांना हवं तेच फड वाजवणार, त्यांनाही पोटं आहेत.

कंडक्टरताई, मामांबद्दल अजून लिहा. नाच्याबद्दल कुणीच लिहीत नाही.

—

चिंगी 88

आमच्या शाळेच्या गॅदरिंगला एकाच वर्षी सहा वर्गांनी ‘वाजले की बारा’ बसवलं होतं. मुख्याध्यापकांनी चिठ्ठ्या टाकल्या. बाकी चर्चा जोरात चालू द्या, मी कादंबरी ऑर्डर केली.

—

सांगलीचा मास्तर

सगळ्यांनी गाणी, शेवट, वग यावर लिहिलं. एक गोष्ट कुणीच काढली नाही म्हणून लिहितो.

कादंबरीतला गुणा मांग समाजातला आहे. ही माहिती कुठंतरी कोपऱ्यात पडलेली नाही, गोष्टीचा कणाच ती आहे. सिनेमात ती ठसत नाही. तिथं तो ‘एक गरीब, कलासक्त मजूर’ होऊन जातो. कुणाच्याही घरातला वाटावा असा.

याने काय फरक पडतो? मांगाच्या पोराला राजा व्हायचंय, या वाक्याचा अर्थ वेगळा आहे. त्याला वगातसुद्धा राजा होता येत नाही आणि बाई व्हावं लागतं, याचाही अर्थ वेगळा होतो. तमाशा उभा केला तो मांग, महार, कोल्हाटी या समाजांनी. अण्णा भाऊ साठे वाटेगावचे, मातंग समाजातले, त्यांनी या तमाशाचं लोकनाट्य केलं. आणि बघायला सगळं गाव. दिवसा ज्याची सावली नको त्याचा रात्रीचा खेळ पुढच्या रांगेत बसून बघायचा. हा पेच सिनेमानं सोडून दिला आणि त्याच्या जागी ‘कलावंताची जिद्द’ ठेवली. जिद्द चांगलीच. पण ती सगळ्यांना पचते, म्हणून ठेवली असं मला वाटतं.

अभिनयाबद्दल दुमत नाही. किशोर कदमांचा पांडबा तर मला गुणापेक्षाही खरा वाटला. असले मॅनेजर मी स्टँडवर बघितलेत, तोंडात पान आणि खिशात उधारीची वही.

—

पेठेतला प्रेक्षक

मास्तर, हा मुद्दा मान्य. मी कादंबरी वाचलेली नाही हे इथेच कबूल करतो. वाचून परत भांडायला येतो.

—

कंडक्टरीण

बापरे, किती लिहिलंत सगळ्यांनी. काल डबल ड्युटी होती, आज बसले.

मास्तर, तुमचं वाचून मी पुस्तक परत उघडलं. मी ते वाचलं होतं आणि तरी सिनेमाशी ताडून बघताना माझ्याही नजरेतून सुटलं. माझं मलाच खाली बघायला झालं.

जुन्नरी दादा, मामांबद्दल विचारलंत. मग लिहितेच, आज सांडू दे.

मामा फडात गेले तेव्हा एकोणीस वर्षांचे होते. केस वाढवलेले, भुवया कोरलेल्या. 1985 च्या सुमाराला घरी आले ते कायमचे. केस कापले, मिशी ठेवली, धाकट्या मावशीच्या गावाला गुऱ्हाळावर लागले. गुळव्या नाही हं, गुळव्याला मान असतो, तो काहिलीतला पाक बोटानं बघून सांगतो की आता उतरवा. मामा जळव्या होते. चुलवाणापुढं बसून चिपाडं आत सारायची, दिवसभर. मी सुट्टीत जायची तेव्हा बघायची, चिपाड सारून झालं की मामांचा उजवा हात खांद्यावर जायचा आणि नसलेली वेणी मागं टाकायचा. त्यांना स्वतःला कळायचं नाही. गुऱ्हाळावरचे गडी एकमेकांना कोपर मारायचे. मी आठ वर्षांची होते, मला वाटायचं मामांना माश्या चावतात.

पायाच्या घोट्यावर चाळाच्या दोरीचे काळे पट्टे अजून आहेत. पाच-पाच किलोचे चाळ बांधायचे म्हणे.

लग्न झालेलं, दोन मुलं. तरी माझ्या लग्नात मामाच्या हातानं जे विधी व्हायचे ते चुलतमामाकडून करून घेतले. “तुझ्या सासरची माणसं काय म्हणतील,” एवढंच. मामा मांडवाच्या मागं आचाऱ्याला कांदे चिरून देत होते. मी बोहल्यावरून बघितलं आणि काही बोलले नाही. सिनेमात गुणाला जे सोसावं लागतं ते भयंकर आहे, पण ते गुंड करतात. कांदे चिरायला आम्ही बसवलं होतं. मला सिनेमात ते कमी पडलं, आता बरोबर सांगता येतंय.

गणपत पाटलांचं पण तेच झालं ना. कोल्हापूरचा एवढा मोठा नट, पडद्यावर नाच्या केला म्हणून लोक त्यांना खऱ्या आयुष्यातही तसंच समजायचे, बायकामुलं असलेला माणूस. 2008 साली गेले. ‘नटरंग’ बघायला पाहिजे होते ते.

2010 ला मी मामांना थिएटरात घेऊन गेले होते. आधी नको म्हणत होते. मला वाटलं होतं रडतील. कसले रडताहेत! लावणीला मांडीवर ठेका धरला, चुकला तिथं जीभ चावली. बाहेर आलो, स्टँडच्या कँटीनला चहा घेतला. म्हटलं, “मामा, कसा वाटला?”

बराच वेळ बशीत फुंकत बसले. मग म्हणाले, “गडी ब्येस हाय. पर नाच्या म्हून लई देखणा झालाय.”

म्हटलं म्हणजे?

“अगं, नाच्यानं आपलं देखणंपण दावायचं नसतंय. बाई एकदा मुरडली की आपण तीनदा मुरडायचं, वाकडं, ओंगळ, लोकं हसली पायजेत. मग बाई परत मुरडली की ती आणखी ग्वाड दिसती. आपण उदबत्तीची राख. हा पठ्ठ्या स्वताच उदबत्ती झालाय.”

मी असलं कुठल्या परीक्षणात वाचलेलं नाही. जुन्नरी दादा, हे खरं आहे का सांगा, का मामांच्याच फडाची रीत?

आणि पुरस्काराचं विचारलं तर फस्सकन हसले, चहा नाकात गेला. “कुणी दिला गं त्याला? माजा बी अर्ज दे की तितं.”

हे हसण्यावारी गेलं तेव्हा. पण चार वर्षांपूर्वी खरंच अर्ज केला. वृद्ध कलावंतांना सरकारचं मानधन असतं ना, त्याचा. तिथं पुरावा मागतात, आणि मागणारच, त्यांचंही बरोबर आहे. फोटो, फडमालकाचं पत्र, जाहिरातीचा कागद, काहीही. फडमालक वारले, फड मोडला, पोरं मुंबईला. आणि फोटो होते, सात-आठ होते, आजीच्या ट्रंकेत. मामी सांगते की गुऱ्हाळावर लागले त्या पहिल्याच आठवड्यात मामांनी ते सगळे चुलवाणात घातले. अर्ज परत आला.

म्हणून तो शेवट मला पटत नाही, पेठकर. तुम्ही म्हणता तसा टोमणा असेल सुद्धा. पण गुणाला पुरस्कार द्यायला कुणाला तरी तो सापडला, एवढं तरी त्यात गृहीत धरलंय. आमचा माणूस कागदावर सापडंना.

—

जुन्नरी

ताई, राखेचं मामा बोलले ते सोळा आणे खरं. मी जुन्या नाच्यांना बघितलंय, त्यांचं सगळं कसब स्वतःला वाईट दाखवण्यात. सोंगाड्या त्याच्यावर विनोद मारणार, तो लाडीक रुसणार, तेवढ्यात मागं बाईला दम खायला वेळ मिळणार. हेही एक काम असायचं, बाईचा श्वास जागेवर येईस्तोवर फड धरून ठेवायचा. सिनेमावाल्यांना नायकच नाच्या करायचा होता, मग तो राख कसा होणार? त्यांचाही इलाज नव्हता.

आता कामाचं. मामा कुठल्या फडात होते, फडाचं नाव आणि साधारण साल मला व्यक्तिगत निरोपात कळवा. आमच्याकडं जत्रेच्या जुन्या जाहिराती जमवणारे दोघं-तिघं आहेत. पिवळे, गुलाबी कागद. वर फडाचं नाव, मधे वगाचं नाव, खाली बारीक अक्षरात ‘नाच्या’ आणि ‘सोंगाड्या’ कोण ते छापलेलं असायचं. सगळ्यांवर नसायचं, पण असायचं.

—

कंडक्टरीण

1974 ते 85. निरोप पाठवलाय. नाव मामांनी फडात वेगळं घेतलं होतं, दोन्ही लिहिलीत. खालच्या बारीक अक्षरात बघायला सांगा.